निळ्या बशीवरचं नारिंगी कडं

भाऊ माझ्याहून लहान. चांदवडच्या अलीकडे त्याची द्राक्षबाग आहे. मी नाशिकला दोन खोल्यांत एकटी राहते, जिवाणू खतं बनवणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत नोकरी करते. त्याच्या बागेसाठी मी जिवाणूंचा कॅन भरून घरी ठेवायचे आणि दर शनिवारी तो न्यायला यायचा. आमचं नातं गेली काही वर्षं या कॅनवरच चाललं होतं, असं मी धरून चालले होते.

सुरुवात पिवळ्या पानांनी झाली. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळंधमक. 

"ताई, जमिनीत लोह नाय का?" त्यानं विचारलं.

लोह भरपूर होतं. पण चुनखडीच्या जमिनीत ते घट्ट बसून राहतं, मुळाला सुटत नाही. ते सोडवायचं काम मुळांभोवती राहणाऱ्या काही जिवाणूंना जमतं. लोहाचा तुटवडा पडला की ते एक पदार्थ बाहेर सोडतात. तो लोहाला पकडतो, मग जिवाणू ते आत ओढून घेतो. आत मोकळं ठेवलं तर तेच लोह पेशीला घातक, म्हणून प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात कोंडून ठेवतो आणि लागेल तसं काढतो. या उचलाउचलीत वेलीच्या वाट्यालाही थोडं येतं.

त्याच्या बागेतल्या हिरव्या राहिलेल्या एका वेलीची मुळं त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. त्यांतून मी असा एक जिवाणू वेगळा काढला. तो लोह ओढतो की नाही हे बघायला आम्ही निळ्या रंगाचं खाद्य ओतलेली काचेची बशी वापरतो. ओढत असेल, तर त्याच्याभोवतीचा निळा रंग जाऊन नारिंगी कडं उमटतं. पहिल्या कड्याचा फोटो मी भावाला पाठवला. त्या दिवसापासून तो त्या जिवाणूंना भाचरं म्हणायला लागला.

"भाचरं काय म्हणत्यात?" दारातूनच विचारायचा.

"खाऊन-पिऊन मजेत आहेत."

"लय लाडावू नको. आईवर गेली तर कामाची नाय राहायची."

मी लग्न केलं नाही. दुसऱ्या कुणी अशी थट्टा केली असती तर टोचली असती. त्यानं केली की मला हसू यायचं. चहा व्हायचा, तो पंख्याखाली जरा आडवा व्हायचा, छाटणीचं, मजुरांचं काहीबाही सांगायचा. बाकी आठवडाभर माझ्या दाराची बेल वाजली, तर ती शेजारच्यांचं पार्सल ठेवून घ्या म्हणायला.

जिवाणू जिवंत ठेवायचे तर काही दिवसांनी नव्या बशीवर उतरवावे लागतात. लोह नसलेल्या खाद्यावर ते रडतखडत वाढतात. मला शनिवारच्या आत कॅन भरायचा असायचा, म्हणून मी त्यांना भरपेट खाद्यावर वाढवायला लागले. त्यावर ते एका रात्रीत दाट होतात. मूळ नमुना गोठवून ठेवायला हवा होता, तेही पुढच्या आठवड्यावर ढकलत राहिले. सगळं आयतं मिळालं की तो पदार्थ बनवणारे जिवाणू मागे पडतात, न बनवणारे जोमानं वाढतात, आणि शेवटी तेच उरतात. हे मी प्रयोगशाळेतल्या नव्या मुलींना शिकवते.

एकदा सहज निळी बशी करून पाहिली. कडं उमटलं नाही. दुसरी केली, तिसरी केली. निळ्याच्या निळ्या राहिल्या. जिवाणू मात्र छान गुबगुबीत.

त्या शनिवारी कॅन भरलेला होता, नेहमीसारखा गढूळ. मी तो त्याच्या हातात दिला.

नोकरीची भीती नव्हती. कॅन नसेल तर हा कशाला येईल, एवढंच मनात आलं. नवी मुळं मागवून पुन्हा सुरुवात करता आली असती, पण मग का, ते सांगावं लागलं असतं. तो अख्खा हंगाम मी निकामी कॅन देत राहिले.

बाग पुन्हा पिवळी पडायला लागली. "माझंच पाणी चुकतंय," तो एकदा चहा पिताना म्हणाला. "ठिबक जास्त वेळ चालू राहिलं वाटतं. बुडवली मी तुझी भाचरं."

मी म्हणाले, "असेल."

कॅनपेक्षा तो एक शब्द मला जास्त छळतो.

पुढच्या वेळी त्यानं खिशातून रुमालात ठेवलेलं पान काढलं. आता शिराही पिवळ्या होत्या. पान दाखवून तो कॅन उचलायला वाकला.

"राहू दे," मी म्हणाले. "त्यात काही नाही."

"काय नाय?"

मग सगळं सांगितलं. तो बसला नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मी पाणी तोडलं बागेचं. वेली तहानल्या ठेवल्या. आन् तू समोर बसून चहा पाजत होतीस."

आवाज चढला नव्हता. कॅन तिथंच सोडून तो गेला.

पुढचे शनिवार रिकामे गेले. त्यानं दुकानातून चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना थेट घेता येणारं लोह, आणून सोडलं असावं, कारण एक दिवस फोनवर हिरव्या बागेचा फोटो आला. खाली एक अक्षर नाही. मी लगेच फोन लावला.

"हिरवी झाली."

"झाली."

"शनिवारी येशील?"

"कशाला? कॅन तर नाय आता."

त्याच्यामागे फवारणीचा ट्रॅक्टर चालू होता. मग तोच म्हणाला, "ताई, चांदवडला जिवाणू खत मिळत नाय व्हय गं? दुकानात रांगेनं मांडल्यात कॅन. मी काय खतासाठी नाशिकला येत होतो?"

ट्रॅक्टर बंद झाला. तिकडून कुणीतरी त्याला हाक मारली.

"मी येऊ का तिकडं?" मी विचारलं.

"बागेत चिखल हाय सध्या," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.