गळकी नाव

ओविद थेरियोला पोहता येत नव्हतं. लुईझियानाच्या त्या दलदलीत जन्म काढलेल्या कितीतरी माणसांना येत नाही, आणि त्याची कुणाला लाजही नाही. पण फेब्रुवारीत पाण्याखालच्या बुंध्यावर आपटून त्याची नाव बुडाली, आणि दुपारभर तो सायप्रसच्या खोडाला कवटाळून राहिला. घरी त्याने थाप मारली, दोर तुटून नाव वाहून गेली. तेव्हापासून तो पाण्याच्या जवळ जायलाही घाबरे.

झिंग्यांचा हंगाम ऐन भरात आला, तशी बायको एल्वा त्याला जुन्या नावा विकणाऱ्या क्लोविसच्या अंगणात घेऊन आली. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन जुन्या नावा, सपाट तळाच्या, जुळ्या बहिणींसारख्या ट्रेलरवर बसल्या होत्या. तिथली रीत अशी, की घेण्याआधी नावेतच पाणी भरायचं आणि खाली वाकून बघायचं, पत्रे जोडणाऱ्या कुठल्या रिव्हेटातून गळतं ते.

"नाव आणि बायको," नळी सोडत क्लोविस म्हणाला, "पारखूनच घरी न्यावी."

"नवरा पारखायची सोय असती," एल्वा म्हणाली, "तर तू बिनलग्नाचा राहिला असतास."

पहिली नाव टपटप गळू लागली. ओविदच्या जिवात जीव आला. दुसरीही गळू दे, एवढंच तो मनात घोकत होता. दुसरी काठोकाठ भरली. एल्वाने तळावरून हात फिरवला आणि त्याच्यापुढे धरला. हात कोरडा होता. ओविदला दरदरून घाम फुटला.

"क्लोविस," एल्वा म्हणाली, "गळकी दे."

"डोकं फिरलंय का तुझं? हिची डागडुजी होईस्तोवर हंगाम जाईल."

"जाऊ दे. मी रोजावर झिंगे सोलायला जाते."

क्लोविस हताशपणे नळी बंद करायला गेला. ओविद पुटपुटला, "कोरडी का नाही घेतलीस?"

"नाव गेली त्या दिवशीचा तुझा सदरा मीच धुतला. छातीपाशी नुसती झाडाची साल रुतली होती."

ओविदने खाली मान घातली.

"पुढच्या हंगामात मी बसेन पुढे," ती म्हणाली. "बुंधे बघायला."

"तुला कुठे पोहता येतं?"

"नाही येत," एल्वा म्हणाली, आणि आपला हात त्याच्या हातात दिला. मघाशी कोरडा असलेला तो हात आता घामाने ओला होता.