वहिनी पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह

आईचा आणि वहिनीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, माझा आणि दादाचा निगेटिव्ह. मला वहिनीचा असा काही हेवा वाटला की दादा "घाबरू नकोस गं" म्हणाला तर मी त्याच्यावरच खेकसले. भीती वाटत नव्हती असं नाही. पण कांजूरमार्गच्या आमच्या घरात आईशेजारी झोपायची जागा माझी होती. मी लग्न केलं नाही, त्यामुळे ती कधी सुटलीही नव्हती. आता त्या खोलीत वहिनी जाणार आणि मी हॉलमध्ये दादाचं घोरणं ऐकत पडणार.

वर नियम केले तेही मीच. मी औषधाच्या दुकानात कामाला, त्यामुळे साथीच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा. लागण झालेल्या दोघी एका खोलीत चालतात, बाकी कोणी आत जायचं नाही. खिडकी उघडी, दार बंद. ताट दाराबाहेर ठेवून टकटक करायची आणि मागे सरायचं, मग त्यांनी उचलायचं. ऑक्सिजन मोजायचं यंत्र आत दिलं होतं, आकडा फोनवर कळवायचा. पालिकेची बाई चौकशीला आली तेव्हा म्हणाली, "ताई, एकदम झकास केलंय तुम्ही." ते कौतुक मला काही गोड लागलं नाही.

एरवी आईचं आणि वहिनीचं यथातथाच. वहिनी साताऱ्याकडची. घरात सुका बांगडा भाजला की ती नाकाला ओढणी लावून गॅलरीत पळायची आणि आई माझ्याकडे बघून डोळा मिचकावायची. "घाटावरची ती, तिका काय कळता!" वहिनीची ही चेष्टा आम्हा मायलेकींची खास होती. त्यात दादालाही घेत नव्हतो.

आजारात दोघींना वास येईनासा झाला. आईच्या तोंडाला चव यावी म्हणून मी पेज केली, बांगडा भाजला. वहिनीसाठी वेगळी बटाट्याची भाजी केली, उगाच बोल नको. थोड्या वेळाने आतून खिदळणं ऐकू आलं आणि पाठोपाठ आईचा फोन. "अगो, हिना बांगडो खाल्ल्यान! आख्खो! काटे काढूक मियां शिकवलंय."

वास येत नसेल तर कोणीही खाईल. हे मी फोनवर म्हटलं नाही, ओट्याला ऐकवलं.

मग त्यांचा खेळच सुरू झाला. डोळे मिटून घास घ्यायचा आणि पदार्थ ओळखायचा. मी खोबरं भाजून, वाटण काढून केलेल्या काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला वहिनीने डाळ ठरवलं आणि आईने ते मान्य केलं! संध्याकाळी वारा फिरला की डम्पिंगच्या कचऱ्याचा वास घरात शिरायचा. दादा आणि मी नाक दाबून बसायचो आणि त्या दोघी खिडकीशी बसून खुशाल गप्पा मारायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा. सकाळ-संध्याकाळ स्वतःचा ताप बघताना माझ्या मनात काय असायचं, ते मी दादाला सांगितलं नाही.

दार उघडलं तेव्हा आई पार रोडावली होती. मी पुढे झाले, तर ती मागे वळून वहिनीला म्हणाली, "ये गो बाय, भायर ये."

बाय ती मला म्हणायची. फक्त मला.

पुढे वास परत आला तरी वहिनी बांगडा खात राहिली. नाक मुरडायची, पण खायची. आणि मी साथीबद्दल काही शहाणपणा सांगायला लागले की आई डोळा मिचकावायची तो वहिनीकडे बघून.

काही महिन्यांनी माझा घसा धरला, अंग तापलं. या वेळी पॉझिटिव्ह मी एकटीच. रिपोर्ट बघून आधी काय वाटलं असेल, तर आता माझी पाळी! मी त्याच खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

पण आईला अजून जिना चढताना धाप लागत होती. छाती पुरती सुधारलेली नाही, पुन्हा लागण झाली तर जड जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे सगळं तिला माहीत होतं, तरी ती दाराशी आली.

"मी येतंय थंय. माका झाला एकदा, आता परत काय व्हतला?"

"आई, असं नका ना करू," वहिनी म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले?"

"तू गप रव. लेक माझी एकटी आसा आत."

हे ऐकायला मी किती महिने जळत होते. माझ्या डोळ्यांना धार लागली. आईने दार ढकललं, बोटभर उघडलंसुद्धा. मी उठले, ते पाठीने रेटून बंद केलं आणि कडी घातली.

"वहिनी," मी आतून म्हटलं, "आईला तुझ्याजवळ झोपव."