लवकरचा टोल

स्टेशनात टोल द्यायचं काम त्यांचं, म्हणून गाव त्यांना टोलमामा म्हणायचं. खडीच्या खाणीसाठी इथवर रूळ आले. पुढे खाण संपली, स्टेशन राहिलं. तेही हळूहळू कुरतडलं गेलं. आधी पार्सलची खोली बंद झाली, मग प्रतीक्षालयाला कुलूप लागलं, मग मास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. गावाने दर वेळी "चालायचंच" म्हटलं आणि अंग झटकलं. उरलं काय, तर तिकिटाची खिडकी, गळका नळ, टेबलावरचा फोन, सकाळची गाडी आणि हे सगळं सांभाळणारे मामा.

नियम साधा होता. मागच्या स्टेशनातून गाडी सुटल्याचा फोन आला की दाराशी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर सळईने टोल द्यायचा. पण दूधवाली मावशी गुडघ्यांनी अधू. एकदा तिच्या डोळ्यांदेखत गाडी गेली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मामा, तुमचा टोल होतो तेव्हा माझा एक पाय घरातच असतो. जरा आधी द्या की." मामांचं काळीज मेणाचं. फोनची वाट न बघता त्यांनी टोल दिला आणि मावशीला गाडी मिळाली.

गाव मात्र बोट दिलं की हात धरणारं. टोलानंतर वेळ उरतो हे लक्षात येताच लोक रेंगाळू लागले. कोणाची गाडी चुकली की मामा टोल आणखी आधी द्यायचे, की लोक आणखी रेंगाळायचे. शेवटी तर टोल ऐकून मगच दाढीला पाणी घ्यायची पद्धत पडली.

"अहो, लाडावून ठेवलंत गावाला," मामी म्हणायची. "एक दिवस डोक्यावर बसतील."

"बसू दे. गाडीत बसले म्हणजे झालं."

मग वरून कळलं की स्टेशन बंद करायचं घाटतंय. एक साहेब येणार, गाडीत कितीजण चढतात ते बघणार आणि ठरवणार. मामांचं आयुष्य या फलाटावर गेलं होतं. ते गावच्या पुढाऱ्यांकडे गेले.

"काळजी सोडा मामा," पुढारी म्हणाले. "अख्खं गाव चढवतो. तुम्ही फक्त टोल द्या."

साहेब गाडीनेच येतील असा सगळ्यांचा समज. ते जीपने आले, तेही बरेच आधी, आणि टोलाजवळच्या बाकावर बसले. मामांची रोजची वेळ झाली. त्यांनी सळई उचलली.

"फोन आला का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

मामांनी सळई खाली ठेवली. इतक्या वर्षांचा नियमभंग उघडा पडला असता, नोकरीवर आलं असतं. ते घाबरले, यात लपवण्यासारखं काही नाही. फोन आला तेव्हा त्यांनी हाताला झिणझिण्या येईपर्यंत टोल दिला. पण टोल जोरात दिला म्हणून वेळ थोडीच वाढते? तिकडे चौकात माणसं नटूनथटून जमली होती. टोल ऐकून पुढारी म्हणाले, "अजून रग्गड वेळ आहे, चहा घ्या सगळ्यांनी," आणि भाषणाला उभे राहिले.

गाडी आली, थांबली. फलाटावर चिटपाखरू नव्हतं.

"येतायत साहेब," मामा रस्त्याकडे बघत म्हणाले. "सगळे येतायत."

"कोण सगळे?"

गार्डने शिट्टी दिली आणि गाडी गेली. साहेबही जीपमध्ये बसून गेले. त्यांच्यामागची धूळ खाली बसतेय तोवर गाव आलं. कडक इस्त्रीचे कपडे घालून पुढारी सगळ्यांत पुढे.

"काय मामा," ते हसत म्हणाले, "आज लेट आहे वाटतं गाडी?"

स्टेशन बंद झालं. चहा पिणाऱ्यांनी आणि भाषण ठोकणाऱ्यांनी खापर मामांच्या डोक्यावर फोडलं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. बदलीच्या गावी जायला मामा-मामी सामान घेऊन निघाले, तेव्हा निरोपाला कोणी आलं नाही. बसच्या फाट्यावर दूधवाली मावशी तेवढी भेटली, दुधाचा कॅन पायाशी ठेवून गुडघे चोळत बसलेली. तिने मान वळवली. मग राहवलं नाही म्हणून बोललीच.

"मामा, निदान त्या दिवशी तरी टोल वेळेवर द्यायचा होतात."

मामी काही बोलणार, तोच मामांनी तिचा हात दाबला. इतक्या वर्षांत टोल वेळेवर दिला होता तो त्याच एका दिवशी, हे आता कोणाला सांगायचं?