पुसलेल्या बाईची सावली

चित्राची मापं घ्यायला मी एका गिऱ्हाइकाच्या व्हिलात गेले होते, चित्र बघायला नव्हे. फ्रेमवाल्याने लांबी, रुंदी, जाडी बघावी आणि निघावं, असं बाबा सांगायचे. दुबईच्या बर दुबई भागातलं आमचं फ्रेमिंगचं दुकान त्यांनी काढलं, आता मी चालवते.

चित्रात रोममधला एक चौक होता. काहीशे वर्षांपूर्वी कुणी डच चित्रकार हिंडत हिंडत तिथे पोचला आणि त्याने भर दुपारचा बाजार रंगवला. कलिंगड कापणारा, दाढी करून घेणारा, हमरीतुमरीवर आलेल्या दोघी, एक कंटाळलेलं गाढव. सगळ्यांच्या सावल्या एकाच बाजूला पडलेल्या. त्यात एक सावली जास्त होती. डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईची, आणि बाई कुठेच नव्हती.

चित्र साफ करायला आलेल्या तज्ज्ञ बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, चित्रकाराने तिला नंतर रंगाखाली दडवलं, सावली पुसायची तेवढी राहून गेली. मग त्यांनी टॉर्च आडवा धरला. "जुना तैलरंग वर्षानुवर्षं पारदर्शक होत जातो. बघा, वर येतेय ती." रिकाम्या फरशीतून एक चेहरा माझ्याकडे बघत होता. त्या दिवशी मी माप चुकीचं लिहून आणलं.

कारण असलं काम मी स्वतः केलंय.

अकरा वर्षांपूर्वी ताईने, माझ्या मोठ्या बहिणीने, घरी न सांगता परधर्मातल्या मुलाशी लग्न केलं. आईने हॉलमधला आमचा चौघांचा फोटो उतरवून दुकानात आणला. "हिला कापून टाका," बाबांना म्हणाली. बाबांनी साफ नकार दिला. आमच्या धंद्यात मूळ वस्तूला कात्री लावत नाहीत. नको असेल ते माउंटखाली, म्हणजे फ्रेमच्या आतल्या जाड पुठ्ठ्याखाली झाकतात. बाबा पाठ फिरवून बसले आणि तो पुठ्ठा मी कापला. खोटं कशाला बोलू, मला तिचा राग होता, आणि आपण किती सफाईने कापतो याचा माजही होता. ताई पूर्ण झाकली गेली. पण तिचा हात माझ्या खांद्यावर होता. तो झाकायचा तर मीही जाणार होते. म्हणून तिची चार बोटं राहिली.

घरी येणारे ती बोटं बघतात, विचारत कुणी नाही. मला मात्र जेवताना समोर तीच दिसतात. कधी कधी खांदा खरोखर जड होतो.

बाबा गेले तेव्हा ताईला कुणी कळवलं नाही. मीही नाही. ती दुबईतच, सिलिकॉन ओएसिस भागात राहते, आमच्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटं. तिला ते तिसऱ्याच कुणाकडून, सगळं आटोपल्यावर कळलं.

व्हिलातून घरी आले आणि चपलाही न काढता फोटोसमोर उभी राहिले. पुठ्ठा पिवळा पडलाय. ताईच्या जागी तो जरा जास्तच गडद वाटला. पुठ्ठ्यातून कुणी वर येत नसतं, एवढी अक्कल मला आहे. तरी मी घाबरले.

"आई, मी ताईला फोन करतेय."

"तो विषय खलास झालाय," आई म्हणाली आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवला. पण फोन करू नकोस, असं म्हणाली नाही.

मी बाल्कनीत गेले. नंबर इतकी वर्षं माझ्याकडे होता, लावला कधी नव्हता. दोनच रिंग झाल्या.

"ताई, मी बोलतेय."

तिने विचारलं, "आई गेली का?"

मी वळून हॉलच्या दाराकडे बघितलं. आत आई टीव्हीवरच्या कुणाला तरी नावं ठेवत होती.

"या वेळी निदान कळवलंस तरी," ताई म्हणाली आणि रडायला लागली.