दिवस मावळायच्या आत मुक्काम

सायकल टूरला जाताना बरोबर काय न्यावं, हे मला कुणी विचारू नये. विचारणाऱ्याची सकाळ फुकट जाते! परवा शेजारचे दोन कॉलेजकुमार कागद-पेन्सिल घेऊन आले. मी म्हटलं, "लिहा. एक, पंप." आणि पंपावरून जो किस्सा निघाला तो थेट आंबोलीला जाऊन पोचला. दोन तासांनी त्यांच्या कागदावर 'पंप' एवढंच होतं. चहा मात्र दोनदा झाला.

माझा तरी काय दोष? माळ्यावर जुने टायर साठावेत तसे हे किस्से साठलेत. कामाला येत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

सत्तरच्या आसपासचे दिवस. आम्ही चौघं कोल्हापूरचे. मी कचेरीत कारकून. मास्तर हायस्कुलात भूगोल शिकवायचे. दत्तोबाचं शाहूपुरीत सायकलचं दुकान. हात काळे, आवाज मोठा, मन लोण्याचं. आणि अण्णा, गुळाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, अंगानं काडी, बोलणं त्याहून कमी. सुट्टी लागली की चौघं सायकलवर टांग मारून बाहेर पडायचो. गिअर-बिअर कसलं! काळ्या, वजनदार सायकली आणि मांड्यांत असेल तेवढा दम.

*

पहिल्या टूरला मास्तर काय घेऊन आले असतील? स्टोव्ह, रॉकेलची बाटली, कंदील, वळकटी, छत्री आणि सगळ्यांच्या वर पुठ्ठ्याच्या बांधणीचं नकाशांचं पुस्तक. सायकल स्टँडवरून उतरवली तर पुढचं चाक हवेत!

दत्तोबानं कमरेवर हात ठेवून एकदा सगळीकडून बघितलं. "मास्तर, टूरला निघालाय का बदली झालीया?"

मग त्यानं सगळं सामान भर रस्त्यात मांडलं आणि एकेक वस्तू उचलून विचारायला लागला, "ह्याच्याबिगर मरताय का?" मास्तर "नाही" म्हणाले की वस्तू बाजूला. शेवटी एक चादर, कपड्यांचा एक जोड, पंप, पाना आणि पंक्चरचं सोल्युशन एवढंच उरलं. मास्तर अडले ते छत्रीवर. "ही मंडळींनी आठवणीनं दिलीय हो."

दत्तोबानं छत्री निमूट दांडीला बांधली. "ही ऱ्हाऊ दे. हिच्याबिगर घरात मरतील."

सामान किती न्यावं याचा याहून चांगला नियम मला अजून सापडलेला नाही.

*

आता अण्णाचं. अण्णाचं घर जैन, आणि दिवस मावळल्यावर तो अन्नाचा कण तोंडात घालत नसे. त्याबद्दल कधी प्रवचन नाही, तक्रार नाही. जेवायचा नाही, बस्स.

त्याची आई शिरोळकडची. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची. तिनं पहिल्याच दिवशी सायकलचं हँडल धरून अट घातली होती. "दिस बुडाल्यावर तू खाणार न्हाईस, ते मला ठावं हाय. पण टूरला जाऊन एक दिस जरी उपाशी निजलास, तर ही सायकल माळ्यावर चढंल!" लहानपणी अण्णा मोठ्या आजारातून उठला होता. तेव्हापासून त्याचं जेवण हा अव्वाच्या जिवाचा प्रश्न होता. आणि अण्णाला तर सायकल म्हणजे जीव की प्राण. दुकानात पोत्यांआड बसलेला अण्णा आणि उतारावर टोपी काढून गाणारा अण्णा, ही दोन वेगळी माणसं होती हो!

टूरवरून परत आलो की अव्वा दारातच विचारायची, "किती दिस उपाशी?" अण्णा म्हणायचा, "एकबी न्हाय." मग ती आम्हा तिघांच्या तोंडाकडे बघायची. अण्णा खोटं बोलत नाही हे तिला माहीत होतं, पण आमची तिला खात्री नव्हती!

त्यामुळे आमचा सगळा टूर सूर्यावर चालायचा. मास्तर वहीत रोजचा सूर्यास्त लिहून आणायचे. मुक्काम कुठंही असो, दिवस मावळायच्या आत. म्हणूनच अंधारात आपटून हात मोडलाय, असं आमच्यात कधी झालं नाही. नवख्यांनी हे लिहून घ्यावं.

एकदा पेठ वडगावच्या पुढं एका मळ्यात मुक्काम पडला. घरधनी म्हणाला, "पावणं, रात्री झ्याक रस्सा करू." मास्तरांनी अण्णाची अडचण सांगितली. सूर्य तर झाडांच्या शेंड्यावर आलेला. घरातली म्हातारी उठली, चरवी घेतली आणि तडक गोठ्यात गेली. म्हशीच्या धारेला अजून अवकाश होता. लेक म्हणाला, "आये, येळ न्हाय झाली तिची." म्हातारी आतूनच ओरडली, "दिस काय माझं ऐकायचा न्हाय, म्हस ऐकती!"

अण्णा त्या दिवशी धारोष्ण दूध आणि भाकरी जेवला. निघताना तो म्हातारीच्या पाया पडला.

*

पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात बुडवावी लागते. बुडबुडे येतात तिथं भोक. हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाणी नसेल तर?

मे महिन्याचा उन्हाचा तडाखा, आसपास ना ओढा ना विहीर. माझं मागचं चाक बसलं. दत्तोबानं ट्यूब बाहेर काढली, इकडंतिकडं बघितलं, कुणाची तरी पाण्याची बाटली उचलली, भांड्यात ओतली आणि ट्यूब बुडवली. बुडबुडे आले. दत्तोबा खूश!

ते पाणी अण्णाचं होतं. घरून गाळून, उकळून, फडक्यात गुंडाळलेल्या बाटलीतून आणलेलं. दिवसभराचं.

दत्तोबाच्या हे लक्षात आलं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. अण्णानं भांड्यात डोकावून बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "बरं झालं. ट्यूबचं तरी पोट बिघडायचं न्हाय आता."

पुढच्या गावापर्यंत दत्तोबा एकटा पुढं पळाला. आम्ही पोचलो तर हा कुणाच्या तरी चुलीपुढं बसून अण्णासाठी पाणी उकळत होता!

*

सीटबद्दल थोडक्यात सांगतो. नवीन कातडी सीट घालून कुणी लांबच्या टूरला जाऊ नये. मी गेलो. सोमवारी कचेरीत साहेबांनी बोलावलं. "बसा." मी म्हटलं, "नको साहेब, उभा बरा आहे." साहेबांना वाटलं, काय हा नम्र माणूस!

आठवडाभर त्यांनी माझं उदाहरण बाकीच्यांना दिलं.

*

फोंडा घाट उतरताना ब्रेकवर भरवसा ठेवू नये. रबर तापतं, वास सुटतो आणि मग देव आठवतो. दत्तोबाची युक्ती अशी, की रानातली मोठी फांदी तोडायची, दोरीनं कॅरिअरला बांधायची आणि मागं फरपटत न्यायची. सायकल आपोआप सावकाश उतरते.

चौघांच्या मागं चार फांद्या. धुरळा असा उडाला की मागची एस.टी. दिसेना. खाली रस्त्याचं काम करणारी माणसं उभी होती. त्यांच्या मुकादमानं डोळे चोळत आम्हाला थांबवलं आणि वळून घाटाकडं बघितलं. रस्ता झाडल्यासारखा चकचकीत!

"पावणं," तो म्हणाला, "आमाला काढून टाकलं का काय सरकारनं?"

*

आता गगनबावड्याचं सांगतो आणि थांबतो.

त्या दिवशी सकाळपासूनच वाईट चाललं होतं. चहाला थांबलो, तेवढ्यात एका म्हशीनं आमच्या तिघांच्या भाकरीचं गाठोडं फडक्यासकट खाल्लं. अण्णाचा डबा स्टीलचा, झाकणाचा, म्हणून वाचला. तो उघडून आमच्यापुढं धरायला लागला, तर दत्तोबानं झाकण लावलं. "तुज्या अव्वाला काय सांगू? गप मुक्कामाला जाऊन खा. आमाला काय, हाटेलात कवाबी मिळतंय."

पुढं मास्तर खड्ड्यात गेले आणि त्यांची रिम वाकली. दत्तोबानं रिकाम्या पोटी दगडावर ठोकून, एकेक स्पोक आवळून ती सरळ केली. दोन तास गेले. अण्णा त्याच्याजवळ बसून राहिला. आम्ही उपाशी असताना त्याच्या घशाखाली घास उतरणार नव्हता.

निघालो तेव्हा रस्त्यावर सावली पसरली होती. समोर डोंगर, सूर्य त्याच्या पलीकडं. मास्तर म्हणाले, "अण्णा, मावळलेला नाही, नुसता डोंगराआड गेलाय. भूगोल सांगतो, जेवा!"

अण्णा म्हणाला, "मास्तर, भूगोल तुमचा बरोबर असंल. मला दिसला पायजे."

दत्तोबा म्हणाला, "मग दाखवतो की!"

त्यानं अण्णाचं सगळं ओझं स्वतःच्या कॅरिअरला बांधलं. मग एका हातानं स्वतःचं हँडल धरलं, दुसरा हात अण्णाच्या पाठीला लावला आणि त्याला ढकलत चढ चढायला लागला. मी आणि मास्तर मागं धापा टाकत. सबंध चढभर दत्तोबाचा तो काळा हात अण्णाच्या पांढऱ्या सदऱ्यावरून हलला नाही.

वर पोचलो आणि समोर सूर्य! खाली सगळं कोकण, आणि क्षितिजाच्या वर बोटभर तांबडा गोळा. मी टाळ्या वाजवल्या. अण्णानं डबा काढला.

तेवढ्यात दत्तोबा सायकलवरून उतरला, दोन पावलं चालला आणि खाली बसला तो आडवाच झाला. अंग घामानं थबथबलेलं.

अण्णानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डब्यातला गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला. मग दशमी लोण्यासारखी मऊ चुरली आणि घास घास भरवायला लागला.

मास्तर घड्याळ घेऊन उभे. "अण्णा, सात मिनिटं! एक घास तुम्ही खा." अण्णानं वर बघितलं नाही. "अण्णा, चार!" दत्तोबा तोंड फिरवायला लागला, तर अण्णानं त्याची हनुवटी धरली. "अण्णा, अहो, टेकला!" मास्तरांचा आवाज रडवेला झाला होता. मी सूर्याकडं बघूच शकलो नाही, मी त्या दोघांकडंच बघत होतो.

मास्तरांनी घड्याळ खिशात ठेवलं. अण्णानं उरलेली अर्धी दशमी दत्तोबाच्या हातात दिली आणि रिकामा डबा पुसून ठेवला.

परतीच्या सबंध वाटेवर दत्तोबा त्याच्या मागं लागला होता. "अव्वाला सांग की जेवलो म्हणून. तुला सांगवत नसंल तर म्या सांगतो." अण्णा म्हणाला, "खोटं बोलायला टूरला कशाला जायला पायजे? ते घरात बसूनबी येतं."

शाहूपुरीत अण्णाच्या घराशी पोचलो. अव्वा दारात. दत्तोबा नेहमीसारखा रस्त्यावरच थांबला. मटणाच्या तोंडानं त्यांच्या पायरीवर कसं चढायचं, असं त्याचं त्यानंच ठरवलं होतं.

"किती दिस उपाशी?"

"एक," अण्णा म्हणाला.

अव्वा सायकलीकडं बघत राहिली. आणि दत्तोबा, ज्याचा आवाज चार गल्ल्या ओलांडून ऐकू जायचा, तो टोपी हातात घेऊन पायरी चढला आणि हळू म्हणाला, "अव्वा, ह्याचा डबा म्या खाल्ला. सायकल चढवायचीच तर माझी चढवा."

अव्वा आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. आम्ही चौघं दारात, कुणी कुणाकडं बघेना.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चार पुडांचा, अण्णाच्यापेक्षा मोठा डबा होता. घासून लख्ख केलेला, अजून ओला. तिनं तो दत्तोबाच्या हातात ठेवला.

"ह्यो तुजा. निघायच्या आदल्या दिशी आणून द्यायचा. भरून मी दीन."