डाव्या हाताचा घास

मी जिमला गेलो ते काही शरीर कमवायला नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रोज पलंगावरून खुर्चीत घ्यावं लागायचं आणि माझी कंबर धरायची, म्हणून गेलो. झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती. ज्या हातानं त्यांनी जन्मभर रामकुंडावर यजमानांचे विधी केले, तो हात आता मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. आई आधीच गेलेली. पंचवटीतल्या घरात आम्ही दोघंच.

जिममध्ये कंबर सुधारली आणि मनगट बिघडलं. बार छातीवरून वर ढकलताना उजव्या मनगटात अशी कळ यायची की बार तिथेच टाकून द्यावासा वाटे. ट्रेनर देवळ्याकडचा, फटकळ माणूस. मनगट मागे मोडून धरता, मूठ सरळ ठेवा, बार तळव्याच्या मुळाशी टेकवा आणि वजन निम्म्यावर आणा, असं म्हणाला. मी सगळं केलं, वर मनगटाला पट्टाही बांधला. दुखणं कमी झालं, गेलं नाही. जाणार कसं? दिवसभर ऑफिसात माऊस, घरी अण्णांना उचलणं, भरवणं. ट्रेनरनं शेवटी हात टेकले. निदान भरवायचं तरी डाव्या हातानं भरवा ना, म्हणाला.

त्याला काय सांगणार, कपाळ? अण्णा डाव्या हाताचा घास घेत नसत. फिजिओथेरपीच्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की त्यांचा डावा हात चांगला आहे, सवय करा, स्वतःचं स्वतः जेवतील. बाईंनी दिलेला चमचा अण्णांनी त्याच डाव्या हातानं ताटाबाहेर ठेवून दिला. तेव्हापासून मी त्यांच्या ताटाभोवती पाणी फिरवायचो, बाजूला भाताची शितं ठेवायचो, ते मंत्र पुटपुटायचे आणि मग मी भरवायचो. सगळं उजव्या हातानं. आधी राग यायचा, खोटं कशाला बोलू. पुढे तोही येईनासा झाला. शेजारच्या काकू म्हणायच्या, किती करतोस रे बापाचं. मी हो म्हणायचो आणि दार लावायचो.

एका रविवारी दुपारी वरणभाताचा घास उचलला आणि कळ थेट कोपरापर्यंत गेली. घास अण्णांच्या सदऱ्यावर सांडला. पुसला. दुसराही सांडला. मग मी डाव्या हातानं घास पुढे केला. त्यांनी ओठ मिटले. मी हात तसाच धरून ठेवला. ते माझ्या मनगटावरच्या पट्ट्याकडे बघत होते.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं. झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती, पण हे स्पष्ट आलं.

"हो. आता नाही उचलवत."

त्यांनी डाव्या हातानं ताट जवळ ओढलं. भात कालवला आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. निम्मं सांडलं. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी पोळीचे तुकडे करून देत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी ताट वाढलं आणि पाणी फिरवायला हातात घेतलं. अण्णांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं, दुखणार नाही इतपतच.

"राहू दे," म्हणाले. "या हाताच्या जेवणाला ते नको."

आणि जेवायला लागले. ज्या माणसानं तापातसुद्धा पाणी फिरवल्याशिवाय घास घेतला नव्हता, तो खानावळीत बसल्यासारखा जेवला.

मनगट पुढे बरं झालं. बार आता पहिल्यापेक्षा जड उचलतो. अण्णा नीट जेवतात, फारसं सांडत नाही. ताटाजवळ पाण्याची वाटी मी अजून ठेवतो. त्यांचं जेवण झालं की ती तशीच भरलेली उचलतो.