पाणी शिंपडलेला अर्ज

माझा अर्ज मी मंत्र्यांच्या हातात देऊ लागलो, तेव्हा आमच्या गावची सारी जमीन ज्याची, त्या मालगुजाराने मध्ये काठी धरली.

"खाली ठेव ना बे. हाती कायले देऊन राहिला?"

मी खाली ठेवला. ती माझी चूक, लपवत नाही. मालगुजाराच्या गड्याने विटाळ जावा म्हणून त्यावर ओंजळभर पाणी मारले, आणि मगच तो कागद टेबलावर गेला. तीनदा लिहून पक्का केलेला मजकूर डोळ्यांदेखत ओघळला.

"हे तर वाचताच येत नाही," मंत्री म्हणाले.

"वकिलाचा कायदा भिजला, साहेब!" मालगुजार म्हणाला. डाकबंगल्याच्या व्हरांड्यातले सगळे हसले.

वकील मी नव्हे. नागपुरास एका ख्रिस्ती वकिलाकडे कागदांच्या नकला करीत मी बारा वर्षे काढली. डाकबंगला नवेगाव बांधचा; तिथून कोसभरावर आमचे गाव. गावच्या महारवाड्यात लिहिता येणारा मी एकटा.

मंदीचे दिवस होते. धानाला भाव नव्हता, सरकारी तिजोरीत खडखडाट. कायदेमंडळात कोणा एकाचे बहुमत नव्हते, म्हणून कालपर्यंत एकमेकांच्या सभा उधळणाऱ्या दोन पक्षांनी मिळून मंत्रिमंडळ बनवले. मंत्री एका पक्षाचे, आमचा मालगुजार दुसऱ्या पक्षाचा सभासद. त्यांचे एकमत झाले ते काटकसरीवर, आणि काटकसर सुरू झाली आमच्या शाळेपासून. आदेश मला पाठ आहे: "गावची सार्वजनिक शाळा सर्व जातींस खुली असल्याने अस्पृश्यांची स्वतंत्र शाळा बंद करण्यात येत आहे."

खुली म्हणजे काय? बाकीची मुले छपराखाली, आमची जी कोणी तिथे गेली ती अंगणात. पाऊस आला की आमच्यांना सुट्टी. अर्जात मी एवढेच लिहिले होते.

"पुन्हा लिहून आण," मंत्री म्हणाले.

"नाही, साहेब. हाच अर्ज आहे. यावर पाणी कोणी टाकले, तेवढी ओळ आपण लिहा आणि मला पोच द्या."

हसू थांबले. मंत्र्यांनी मालगुजाराकडे बोट केले. "शिक्षण खातं यांच्या पक्षाकडे आहे."

"खातं आमचं, पण तिजोरी यांची," मालगुजार म्हणाला.

राज्य दोघांचे. जबाबदार कोणीच नाही. मी माझा कागद उचलला.

फाटकाबाहेर वस्तीची माणसे उभी होती. अर्जावर अंगठे त्यांचेच. माझा सख्खा भाऊ म्हणाला, "काऊन अडलास गा, दादा? उद्या मालगुजार आमाले बांधीत पाय ठेवू देईन का?"

धानाच्या बांध्यांमधून कोसभर एकटा चाललो. मागे कोणी नव्हते. त्यांना दोष देत नाही. भूक मलाही ठाऊक आहे. पण त्या वाटेवर जितका एकटा होतो, तितका पुढे बायकोला माती देतानाही नव्हतो.

दोन्ही पक्षांना पत्रे लिहिली. उत्तर नाही. महिन्याभरात शाळेला कुलूप लागले.

मग आदेश पुन्हा वाचला. सर्व जातींस खुली. शब्द त्यांचे, संमती दोघांची. सोमवारी मुलीचा हात धरून सार्वजनिक शाळेत गेलो. वस्तीतून दुसरे कोणी आले नाही. अंगण ओलांडले, तिला आत पहिल्या ओळीत बसवले आणि शेजारी बसलो. वर्ग रिकामा झाला.

गुरुजी दारातून ओरडले, "ऊठ! बाहेर हो!"

"तोंडी नको, गुरुजी. कोणत्या कायद्याने उठवता ते लिहा, खाली सही करा. मग उठतो."

त्यांनी लिहिले नाही. आम्ही उठलो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तो सहीचा कागद इतक्या वर्षांनंतरही मला कोणी दिलेला नाही. म्हणून मी आजही उठणार नाही.